इंजिन गाडीत नेमकं टेकतं कशावर?

मे महिन्याची दुपार, इंदूरमधल्या पलासियाचा सिग्नल लाल, एसी चालू, पाय ब्रेकवर. स्टिअरिंग हातात बारीक थरथरतं, डॅशबोर्डमधून कुठूनतरी खडखड येते, गिअरचा दांडा हलताना डोळ्यांना दिसतो. सिग्नल सुटून गाडीने वेग घेतला की सगळं शांत. गॅरेजवाल्याला हे सांगा, बॉनेट उघडायच्या आधीच तो निकाल देईल : "भाईसाब, फाउंडेशन बैठ गया." पुष्कळदा तो बरोबर असतो. पण नेहमी नाही, आणि नसतो तेव्हा नवं फाउंडेशन टाकूनही थरथर तशीच राहते.

कंपनीच्या पुस्तकात याचं नाव इंजिन माउंटिंग. दिसायला अगदी साधं : धातूचे दोन तुकडे, एक इंजिनाला बोल्टने आवळलेला, दुसरा गाडीच्या बॉडीला किंवा सबफ्रेमला, आणि मधे काळं रबर. हे रबर नंतर चिकटवलेलं नसतं. धातूवर खास रसायनाचा थर देऊन साच्यात रबर शिजवतानाच दोन्ही एकजीव करतात. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने जोडलेले असल्यामुळे हा सगळा एकच गठ्ठा. लहान हॅचबॅकमध्येही तो शंभर-सव्वाशे किलोंचा, आणि गाडीत त्याला आधार देणाऱ्या जागा सहसा तीनच : एक टायमिंग चेनच्या बाजूला, दुसरी गिअरबॉक्सवर, आणि तिसरी खाली मागच्या अंगाला. ही तिसरी वेगळी दिसते. दोन्ही टोकांना रबरी बुश असलेला तो एक छोटा दांडा असतो, त्याला टॉर्क रॉड म्हणतात. वरची दोन माउंटिंगं वजन पेलतात. टॉर्क रॉड वजन जवळजवळ घेतच नाही, त्याचं काम इंजिनाला उलटं फिरण्यापासून रोखणं.

उलटं फिरणं म्हणजे काय, ते नीट पाहायला हवं. इंजिन चाकांना ज्या जोराने फिरवतं, तेवढ्याच जोराने ते स्वतः विरुद्ध दिशेला वळू पाहतं. न्यूटनचा तिसरा नियम, शाळेत शिकलेला. आता आकडे घाला. समजा लहान पेट्रोल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 110 न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरमध्ये तो साधारण साडेतीन पट होतो, आणि पुढे डिफरन्शियलपाशी, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडणीपाशी, आणखी चार पट. गुणाकार दीड हजार न्यूटन-मीटरच्या वर जातो. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दीडशे किलोंचं ओझं टांगलं तर जेवढा पीळ बसेल, तेवढा पीळ त्या तीन रबरांवर.

जुन्या अँबॅसडर आणि पद्मिनीत हा त्रास इतका नव्हता. तिथे इंजिन उभं, गाडीच्या लांबीत बसवलेलं आणि डिफरन्शियल मागच्या अ‍ॅक्सलमध्ये. शेवटच्या चार पटींचा पीळ मागचा अ‍ॅक्सल आणि त्याचे पाटे सोसायचे, इंजिनाच्या रबरांपर्यंत तो यायचाच नाही. 1983 साली मारुती 800 आली तेव्हा इंजिन आडवं झालं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच घरात आले, पुढची चाकं ओढू लागली, आणि सगळा पीळ इंजिनाच्या आधारांवर आला. आज बहुतेक घरगुती गाड्या याच बांधणीच्या आहेत. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये जाताना 'ठक्' असा आवाज येतो, तो याच पिळाची दिशा बदलल्यामुळे : इंजिन एका बाजूला झुकलेलं असतं, ते दुसऱ्या बाजूला जाऊन आदळतं. रबर शाबूत असेल तर आदळत नाही, दबतं.

इतकंच काम असतं तर रबर हवंच कशाला? इंजिन सरळ चेसिसला बोल्टने आवळून टाकावं. सुरुवातीच्या मोटारींत तसंच करत असत; इंजिनाचा ठोकळा चेसिसला बळकटी देतो असा त्यात फायदाही धरलेला असे. पण मग इंजिनाचा प्रत्येक हादरा बसणाऱ्याच्या हाडापर्यंत जायचा.

हादरे किती, हे सहज मोजता येतं. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, एका फेरीला दोन सिलिंडर पेटतात. सिग्नलवर उभी गाडी मिनिटाला 750 फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला 25 हादरे, म्हणजे 25 हर्ट्झ. तीन सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांत तीनच स्फोट, म्हणजे त्याच 750 फेऱ्यांना सेकंदाला 19 च्या आसपास. हादरे कमी झाले म्हणजे बरं झालं, असं वाटेल. उलट आहे, आणि का उलट आहे ते घरबसल्या पाहता येतं.

एक रबरबँड कापून लांब करा आणि त्याच्या टोकाला छोटं कुलूप बांधा. वरचं टोक बोटांत धरून हात सावकाश वर-खाली करा. कुलूप हाताबरोबर मुकाट वर-खाली होईल. हळूहळू वेग वाढवा. एका ठराविक वेगाला कुलूप वेड्यासारखं नाचायला लागेल, हात दोन बोटं हलतोय आणि कुलूप वीतभर. आता आणखी वेगाने हलवा. कुलूप जवळजवळ स्थिर! हात थरथरतोय, रबर ताणलं-सुटतंय, पण खाली काही पोचत नाही. कुलूप नाचलं तो वेग म्हणजे त्या रबर-कुलपाच्या जोडीची नैसर्गिक वारंवारता. हिशेब सांगतो की हादरा तिच्या सुमारे 1.4 पट वेगाच्या पुढे गेला तरच रबर तो अडवू लागतं. त्याच्या अलीकडे रबर काही अडवत नाही, उलट हादरा वाढवून पुढे पाठवतं.

गाडीतही हेच, फक्त हलणारी वस्तू इंजिन आहे आणि शांत राहायचं ते बॉडीला. चार सिलिंडरच्या 25 हर्ट्झला अडवायचं तर इंजिन आपल्या रबरांवर 17 हर्ट्झहून कमी वेगाने डोलणारं हवं. तीन सिलिंडरसाठी ही मर्यादा 13 वर येते. आकड्यांतलं अंतर किरकोळ दिसतं, पण नैसर्गिक वारंवारता ताठरपणाच्या वर्गमुळावर अवलंबून असल्याने तीन-चतुर्थांश वारंवारतेला रबराचा ताठरपणा थेट 44 टक्क्यांनी उतरवावा लागतो. त्यात तीन सिलिंडरचं इंजिन वजनाला हलकं. हलकी वस्तू त्याच रबरावर जास्त वेगाने डोलते, म्हणजे रबर आणखी मऊ पाहिजे. शिवाय या इंजिनाला पहिल्या सिलिंडरच्या टोकाकडून तिसऱ्याच्या टोकाकडे डुलण्याची आपली जन्मजात खोड आहेच. तीन सिलिंडरच्या गाड्या सिग्नलवर थरथरतात अशी कुरकुर इंदूरमधल्या प्रत्येक घरगुती समारंभात एखादे काका तरी करतातच. काकांचं चुकत नाही. पण त्या इंजिनामागचे अभियंते कामचुकार आहेत असंही नाही. त्यांना मिळालेलं गणितच अवघड आहे.

आणि एसी? एसी लागला की कॉम्प्रेसरचं ओझं इंजिनावर येतं. ते ओढण्यासाठी प्रत्येक स्फोट थोडा जोराचा होतो, म्हणून हादरा मोठा होतो. गाडीचा कॉम्प्युटर फेऱ्या जरा वाढवून याची भरपाई करतो, पण उन्हाने कडक झालेल्या रबराला ती पुरत नाही.

या गणितातला पहिला मोठा विजय 1931 सालचा, अमेरिकेतला. क्रायसलर कंपनीची प्लिमथ ही स्वस्त, चार सिलिंडरची गाडी, आणि स्पर्धेत शेव्हर्लेचं सहा सिलिंडरचं इंजिन. क्रायसलरच्या अभियंत्यांनी विचारलं की इंजिन मोकळं सोडलं तर ते स्वतःहून कोणत्या अक्षाभोवती डोलेल? तो अक्ष क्रँकशाफ्टमधून जात नाही. इंजिन-गिअरबॉक्सच्या गुरुत्वमध्यातून तिरका जातो, पुढे वर आणि मागे खाली. त्यांनी पुढचा आधार उंचावर आणि मागचा गिअरबॉक्सपाशी खाली घेतला, दोन्ही रबरात, म्हणजे इंजिन त्याला हवं तसं डोलत राहील आणि आधारांना ओढ कमी बसेल. या युक्तीला 'फ्लोटिंग पॉवर' असं नाव दिलं आणि चार सिलिंडरच्या खर्चात आठ सिलिंडरचा गुळगुळीतपणा अशी जाहिरात केली. जाहिरातीतला अतिरेक सोडून देऊ, पण युक्ती इतकी खरी होती की फ्रान्सच्या सित्रोएनने तिचे हक्क घेतले आणि आपल्या गाड्यांवर तरंगत्या हंसाचं चिन्ह लावलं. आजही नव्या गाडीची माउंटिंगं कुठे बसवायची याचा विचार त्याच अक्षापासून सुरू होतो.

मग अडलं कुठे? रस्त्यावर. रबर जितकं मऊ तितका सिग्नलवर आराम, हे वर पाहिलं. पण गाडी खड्ड्यातून गेली की शंभर-सव्वाशे किलोंचा तो गठ्ठा मऊ रबरावर उसळायला लागतो. चाकं खडबडीत रस्त्यावर सेकंदाला साधारण 10 ते 15 वेळा उडतात, आणि इंजिनाची रबरांवरची नैसर्गिक वारंवारताही नेमकी त्याच पट्ट्यात येऊन बसलेली. कुलूप नाचलं तसं इंजिन नाचतं, आणि आपल्याला वाटतं सस्पेन्शन खराब आहे. रस्त्यासाठी रबर ताठर आणि झोके जिरवणारं पाहिजे, सिग्नलसाठी मऊ आणि अजिबात न जिरवणारं पाहिजे. एकाच तुकड्याकडून दोन्ही. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचं गाड्या तपासण्याचं केंद्र आहे. तिथला 11.3 किलोमीटरचा वेगवान गोल ट्रॅक 2021 मध्ये सुरू झाला तेव्हा त्या वेगाचंच कौतुक झालं. माउंटिंगच्या दृष्टीने मला त्याच केंद्रातले वाईट रस्त्यांची नक्कल करणारे ट्रॅक जास्त महत्त्वाचे वाटतात. गुळगुळीत पट्ट्यावर कुठलंही मऊ रबर शाबासकी मिळवेल.

या पेचातून वाट काढली ती पातळ पदार्थाने. हायड्रॉलिक माउंटिंग बाहेरून साध्यासारखंच, पण आत वर-खाली दोन कप्पे, त्यांत ग्लायकोल आणि पाण्याचं मिश्रण, आणि मधल्या चकतीत लांब, वळसे घेत गेलेली अरुंद वाट. खड्ड्यात इंजिन मिलिमीटरभर किंवा जास्त उसळलं की वरच्या कप्प्यातलं पाणी त्या वाटेने खाली ढकललं जातं. अरुंद वाटेत पाण्याचा तो खांब इंजिनाच्या उसळीविरुद्ध पुढे-मागे होत राहतो आणि उसळी जिरते. सिग्नलवरची थरथर मात्र मिलिमीटरच्या लहानशा अंशाची. तेवढ्यासाठी पाण्याला त्या वाटेने जावंच लागत नाही, कारण चकतीत एक सैल पडदा असतो, तो आपल्या फटीत जागच्या जागी हलून ती थरथर गिळतो. मोठ्या हालचालीला कडक, बारीक हालचालीला मऊ. कुठलंही बटण नाही, सेन्सर नाही. मला हा सबंध गाडीतला सगळ्यात देखणा सुटा भाग वाटतो, आणि आयुष्यभर तो काळ्या रबराखाली झाकलेला राहतो.

याच्या पुढची पायरीही आहे. पोर्शने काही गाड्यांत असं माउंटिंग दिलं की ज्यातल्या पातळ पदार्थात लोखंडाचे कण असतात आणि चुंबकीय क्षेत्र दिलं की तो क्षणात घट्ट होतो. आपल्या रोजच्या गाड्यांना त्याची गरज नाही. इलेक्ट्रिक गाडीचं प्रकरण निराळं. तिला सिग्नलवर हादरेच नाहीत, म्हणून रबर ताठर चालतं. पण मोटार शून्य वेगापासून पूर्ण टॉर्क देते, आणि तिची सूं अशी बारीक शीळ शेकडो-हजारो हर्ट्झची असते; इंजिनाचा आवाज नसल्यामुळे ती झाकलीही जात नाही. तिथे रबराइतकाच त्याचा ब्रॅकेट जाड आणि न गुंजणारा असणं महत्त्वाचं ठरतं.

आता आपल्या गाडीकडे. माउंटिंगमध्ये बहुधा नैसर्गिक रबर वापरतात, कारण लाखो वेळा दाबलं-ताणलं तरी ते लवकर थकत नाही. पण त्याला दोन गोष्टी सोसत नाहीत : उष्णता आणि तेल. बॉनेटखाली 80-100 अंश सहज होतात, त्यात माळव्याचा मे महिना. वर्षानुवर्षं भाजून रबर कडक होतं, मग चिरतं. तेलाचं दुखणं बहुतेकदा आपणच ओढवून घेतो. इंजिनावरच्या झाकणातून, म्हणजे टॅपेट कव्हरमधून, ऑइल झिरपतंय, "चालतंय की" म्हणून सोडून दिलं, आणि ते नेमकं खालच्या माउंटिंगवर टपकत राहिलं, की रबर फुगून लिबलिबीत होतं. अशा वेळी आधी गळती बंद करा, नाहीतर नवं रबरही त्याच वाटेने जाईल. दुसरी वाईट सवय सर्व्हिसिंगची : धुऊन झाल्यावर गाडीखाली डिझेलचा फवारा मारतात. लोखंड काळंभोर चमकतं, मालक खूश होतो, आणि खालची सगळी रबरं डिझेल पितात. नको म्हणून स्पष्ट सांगा.

घाटाचाही यात वाटा आहे. धुळ्याकडून इंदूरला परतताना धामनोद सोडलं की मानपूरपर्यंत चढ. गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली, दुसरा गिअर, पाय दाबलेला. पीळ एकाच बाजूला सलग राहतो, रबर त्या बाजूला पूर्ण चेपून आधाराच्या कडेला टेकतं. चेपलेलं रबर मऊ राहत नाही, म्हणून चांगल्या गाडीतही चढावर आवाज आत जास्त येतो. तो दोष नव्हे. चढावर हाफ क्लचवर गाडी खेळवत राहणं मात्र टॉर्क रॉडच्या बुशला लवकर संपवतं.

फाउंडेशन बदलायच्या आधी थोडी पारख करा. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीला थरथर आहे आणि जरा रेस दिली की जाते, तर संशय माउंटिंगवर. रस्त्यावर ठराविक वेगालाच, समजा 90 च्या आसपास, स्टिअरिंग हलतं आणि तोच वेग वरच्या किंवा खालच्या गिअरमध्ये ठेवला तरी तसंच हलतं, तर इंजिनाचा काही संबंध नाही. चाकांचं बॅलन्सिंग पाहा. तिसरी शक्यता लोक विसरतात : एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल तर हादरा दोन फेऱ्यांत एकदाच, म्हणजे 750 फेऱ्यांना 6 हर्ट्झच्या आसपास येतो. ही वारंवारता रबराच्या टप्प्याच्या खाली आहे, जगातलं कुठलंही नवं माउंटिंग तिला अडवणार नाही. तेव्हा स्पार्क प्लग, कॉइल आणि इंजिनात हवा सोडणारी, काजळीने भरलेली थ्रॉटल बॉडी आधी पाहून घ्या. थ्रॉटल साफ होऊन फेऱ्या जागेवर आल्या की थरथर गेलेली अनेकदा दिसते.

डोळ्यांनी पाहायचं तर गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, ब्रेकवर पाय घट्ट, बॉनेट उघडं. आतल्याने पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायचा आणि लगेच दाबायचा, मग रिव्हर्समध्ये तसंच. पाहणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, गाडीच्या समोर किंवा मागे अजिबात नाही. इंजिन थोडं झुकतं, ते झुकणारच. पण ते झटक्याने उठलं किंवा ठक्कन आदळलं, तर रबर गेलं. हायड्रॉलिक माउंटिंगच्या आजूबाजूला ओघळ दिसला तर आतलं पाणी गेलं समजा, मग वरचं रबर कितीही धडधाकट दिसो.

"इंजिन खाली पडेल का हो?" हा प्रश्न नेहमी येतो. आजची माउंटिंगं अशी घडवतात की रबर फाटलं तरी धातूचे भाग एकमेकांत अडकून राहतात. हा शहाणपणा स्वस्तात आलेला नाही. 1971 मध्ये जनरल मोटर्सला सुमारे 67 लाख शेव्हर्ले गाड्या याच भागासाठी परत बोलवाव्या लागल्या. रबर तुटलं की पिळामुळे इंजिन एका अंगाने उचललं जायचं, त्यात थ्रॉटलची जोडणी ओढली जाऊन गाडी आपोआप वेग घ्यायची. कंपनीने तेव्हा सगळी माउंटिंगं बदलली नाहीत, इंजिनाला धरून ठेवणारी एक तार लावून दिली.

बदलायचं ठरलं की दुकानदार "हेवी ड्यूटी" म्हणून कडक रबर पुढे करतो, टिकेल म्हणून. टिकेलही. पण कडक रबर म्हणजे वाढलेली नैसर्गिक वारंवारता, म्हणजे सिग्नलवर पहिल्यापेक्षा जास्त थरथर. शर्यतीत उतरणारे मुद्दाम पॉलियुरेथेनची ताठर माउंटिंगं लावतात, कारण त्यांना गिअर पडताक्षणी ओढ हवी असते आणि थरथरीशी त्यांना देणंघेणं नसतं. मुलांना शाळेत सोडणाऱ्याने तो हट्ट धरू नये. एक रबर गेलं की त्याचा भार उरलेली दोन वाहतात, म्हणून एक बदलताना बाकीची नीट पाहून घ्या; सरसकट तिन्ही बदला असं म्हणणाऱ्याला मात्र कारण विचारा.

बसवताना इंजिनाला खालून जॅक लागतो. तो सरळ ऑइलच्या पातळ चेंबरला लावला तर चेंबर दबतो, मधे रुंद लाकडी गुटका पाहिजेच. आणि बोल्ट आवळण्याचा क्रम महत्त्वाचा : आधी सगळे हाताने सैल लावायचे, जॅक उतरवून इंजिनाचं पूर्ण वजन रबरांवर येऊ द्यायचं, इंजिन जरा हलवून आपल्या जागी बसू द्यायचं, मग पुस्तकात दिलेल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळायचे. जॅकवर असतानाच आवळले तर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं. मग गिऱ्हाईक आठवड्याने परत येतं आणि दोष सुट्या भागावर जातो.